महर्षी शिंदे यांचे ऑक्सफर्ड आणि युनिटेरियन समाजांचे देशोदेशींचे संबंध

भीमाकाठ (सोलापूर)

गेल्या महिन्यात उत्तर कसब्यातील आमचे जुने घर रिकामे करताना वडिलांच्या लोखंडी पेटीत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या आत्मचरित्राची प्रत सापडली. पुठ्ठा सुटलेला होता आणि कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या. परंतु विलायतेच्या मुक्कामाची पाने शाबूत होती आणि त्यांच्या समासात वडिलांनी पेन्सिलीने बारीक रेघा ओढलेल्या होत्या. ॲम्स्टरडॅमच्या परिषदेचा उल्लेख येतो त्या ठिकाणी त्यांनी एवढेच लिहिले आहे : ‘हे लोक कोण?’ वडील जुन्या मिलमध्ये हिशेबनीस होते. त्यांना या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल असे मला वाटत नाही. मी स्वतः तीस वर्षे शाळेत शिकवले आणि दरवर्षी शिंदे यांच्यावर ‘अस्पृश्यता निवारणाचे कार्य’ या एका ओळीपलीकडे काही सांगितले नाही. त्या पेन्सिलीच्या प्रश्नाने मला लाज वाटली, म्हणून गेले काही आठवडे जे वाचले ते येथे मांडत आहे.

शिंदे १९०१ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले आणि ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे राहून १९०३ च्या ऑक्टोबरात परत आले. त्यांची शिष्यवृत्ती ब्रिटिश युनिटेरियन, म्हणजे देव एकच आहे असे मानणाऱ्या उदारमतवादी मंडळींची होती. हे कॉलेज १७८६ साली मँचेस्टर शहरात निघाले, कारण राजमान्य चर्चचे मत न मानणाऱ्यांना ऑक्सफर्डमध्ये त्या काळी प्रवेशच नव्हता. ते पुढे ऑक्सफर्डला आले, त्याची आजची इमारत १८९३ साली उघडली आणि ‘सत्याला, स्वातंत्र्याला, धर्माला’ असे तिचे अर्पण आहे. येथे शिंदे यांना तौलनिक धर्माभ्यास शिकवणारे गुरू म्हणजे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. हे गृहस्थ पाली भाषेचे जाणकार होते आणि दीघनिकाय या बौद्ध ग्रंथाच्या संपादनात पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांचे सहकारी होते.

या कार्पेंटर घराण्यापाशी मी बराच वेळ थांबलो, आणि वाचकांनीही थांबावे अशी विनंती आहे. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टल येथे वारले, तेव्हा तेथील लुइन्स मीड उपासनामंदिरात त्यांच्यावर प्रवचन करणारे युनिटेरियन धर्मोपदेशक लँट कार्पेंटर हे एस्टलिन यांचे आजोबा. मुलींच्या शिक्षणासाठी १८६६ पासून चार वेळा हिंदुस्थानात आलेल्या मेरी कार्पेंटर या लँट यांच्या कन्या, म्हणजे एस्टलिन यांच्या आत्या. बंगालच्या राजाचे शेवटचे दिवस ज्या घराने पाहिले, त्याच घरातील नातवाच्या हाताखाली अडुसष्ट वर्षांनी जमखंडीच्या वारकऱ्याचा मुलगा धर्मशास्त्र शिकला. दोन्ही वेळी कोणी कोणाला धर्म बदलायला सांगितले नाही. शिंदे प्रार्थना समाजाचे म्हणून गेले आणि प्रार्थना समाजाचे म्हणूनच परतले.

परतण्यापूर्वी १९०३ च्या सप्टेंबरात ते ॲम्स्टरडॅमला गेले. ‘युनिटेरियन व इतर उदार धर्मविचारक आणि कार्यकर्ते यांची आंतरराष्ट्रीय परिषद’ अशा लांब नावाची ही संस्था २५ मे १९०० रोजी बॉस्टन येथे स्थापन झाली होती. तिची पहिली सभा १९०१ साली लंडनला आणि दुसरी ॲम्स्टरडॅमला भरली. तेथे शिंदे यांनी ‘हिंदुस्थानातील उदार धर्म’ या विषयावर निबंध वाचला. हीच संस्था आज ‘आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य संघटना’ या अर्थाच्या नावाने चालू आहे आणि तिच्यात जपानमधील बौद्ध व शिंतो मंडळीही आहेत.

वडिलांच्या प्रश्नाला मला सुचलेले उत्तर असे आहे की, हे लोक एका मठाच्या शाखा नव्हेत. स्वतंत्रपणे एकाच विचारापर्यंत पोचलेल्या आणि पुढे पत्राने एकमेकांना सापडलेल्या घरांची ती सोयरीक आहे. या म्हणण्यावर जाणकारांनी मत द्यावे. पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम हेही शिंदे यांच्याच विलायतेच्या अनुभवाचे फळ असावे अशी माझी समजूत आहे. तीही कोणी तपासून द्यावी.

सातरस्ता

लेख मनापासून वाचला. माझा प्रश्न मूलभूत आहे. युनिटेरियन हे ख्रिस्तीच ना? मग सोलापुरात आलेले अमेरिकन मिशनरी आणि हे लोक यांत फरक काय? आमच्या आजी मिशनच्या शाळेत शिकल्या होत्या. त्या शाळेबद्दल त्यांनी आयुष्यभर कृतज्ञता बाळगली, परंतु तेथे रोज सकाळी बायबल ऐकावे लागे हेही त्या सांगत. ‘धर्म बदलायला सांगितले नाही’ हे आपले वाक्य वाचून त्यांची आठवण झाली.

भीमाकाठ

सातरस्ता, आपला प्रश्न रास्त आहे आणि सोलापूरकराला तो पडणे अगदी स्वाभाविक आहे.

प्रथम नावांविषयी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानता देव एकच आहे असे म्हणणारे ते युनिटेरियन. देव कोणालाही कायमचे नरकात टाकणार नाही, अखेरीस सर्वांचाच उद्धार होईल असे म्हणणारे ते युनिव्हर्सलिस्ट. दोन्ही विचार ख्रिस्ती धर्माच्या पोटातून निघाले, आणि दोन्ही विचारांच्या लोकांना त्याच धर्माने पाखंडी ठरवले. मायकेल सर्व्हेटस याला त्रैक्य नाकारल्याबद्दल १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. अमेरिकेतील दोन्ही समाज १९६१ साली एकत्र झाले, आणि आज त्यांच्या मंडळ्यांत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे, बौद्ध म्हणवणारे आणि देव न मानणारेही शेजारी बसतात. रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया प्रदेशातले युनिटेरियन मात्र आजही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. त्यामुळे ‘ते ख्रिस्तीच ना?’ या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते.

आता सोलापूरच्या मिशनविषयी. हा भाग मला स्वतःला नवीन होता. १८०५ साली हार्वर्ड येथील धर्मशास्त्राच्या अध्यासनावर युनिटेरियन मताचे हेन्री वेअर यांची नेमणूक झाली. जुन्या मताच्या मंडळींना ते सहन झाले नाही आणि त्यांनी अँडोव्हर येथे वेगळे विद्यालय काढले, जे १८०८ साली सुरू झाले. त्याच विद्यालयातून निघालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल हे तरुण पुढे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी म्हणून मुंबईत आले, आणि तेच मिशन नगरहून पसरत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात पोचले. म्हणजे न्यू इंग्लंडमधील एका घरभांडणातील एक बाजू आपल्या आजींच्या शाळेच्या रूपाने सोलापुरात आली, आणि दुसऱ्या बाजूच्या इंग्लंडमधील भाऊबंदांकडे शिंदे ऑक्सफर्डला गेले. दोन्ही बाजूंनी मराठी मुलखात चांगले काम केले. एका बाजूला आपण बाप्तिस्मा घ्यावा असे वाटत होते, दुसऱ्या बाजूला आपण आपल्याच घरात राहून विचार करावा असे वाटत होते. फरक एवढा आहे, पण तो मला फार मोठा वाटतो.

डोंगरवाट

बँकेच्या नोकरीत असताना माझी साडेतीन वर्षे शिलाँगला बदली होती. ‘पत्राने सापडलेली घरे’ हे आपले शब्द वाचून राहवले नाही, कारण त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याच देशात खासी आणि जैंतिया डोंगरांत आहे.

हाजोम किसोर सिंग हे १८६५ साली जन्मलेले खासी गृहस्थ. तरुणपणी ते वेल्श मिशनच्या चर्चमध्ये गेले, परंतु नरकाचे भय आणि त्रैक्य यांवर त्यांचे मन बसेना. येशूचा देव एक आहे आणि तो प्रेमळ आहे, एवढेच खरे, असे त्यांनी स्वतःच्या वाचनातून ठरवले. असा विचार करणारे जगात दुसरे कोणी आहेत हे त्यांना तोपर्यंत ठाऊकही नव्हते. मग एका ब्राह्म गृहस्थाकडून त्यांना कलकत्त्यात राहणाऱ्या चार्ल्स डॉल या अमेरिकन युनिटेरियन मिशनऱ्याची माहिती मिळाली आणि पत्रे सुरू झाली. डॉल १८८६ साली वारले. १८ सप्टेंबर १८८७ रोजी हाजोम किसोर सिंग यांनी जोवाई येथे पहिली उपासना घेतली. त्या वेळी कोणीही परदेशी माणूस तेथे नव्हता. पुढे अमेरिकेतील जाबेझ संडरलँड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला, आणि १८९६ साली संडरलँड स्वतः त्या डोंगरांत येऊन गेले.

मी एका रविवारी जोवाईजवळच्या गावात त्यांच्या उपासनेला गेलो होतो. बाहेर पाऊस इतका होता की पत्र्याच्या आवाजात उपदेशकाचे बोलणे ऐकू येईना. तेव्हा त्यांनी बोलणे थांबवले आणि सर्वांनी गाणे सुरू केले. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई होत्या. त्यांनी न विचारता आपली पदांची वही माझ्यासमोर धरली आणि ज्या ओळीवर गाणे आले होते तिच्याखाली बोट फिरवत राहिल्या. लिपी रोमन असल्याने मला अक्षरे वाचता येत होती, भाषा मात्र कळत नव्हती. पाऊस ओसरेपर्यंत चार पदे झाली. त्यांतील कित्येक पदे हाजोम किसोर सिंग यांची आहेत असे नंतर कळले. ‘पुढे जात राहा’ अशा अर्थाचे ‘नांगरोई’ हे त्यांचे वचन तेथे सर्वांच्या तोंडी असते.

त्या मंडळींची संख्या काही हजारांची आहे, आणि त्यांच्या शाळा आहेत. मार्गरेट बार नावाच्या इंग्रज युनिटेरियन बाई १९३३ साली हिंदुस्थानात आल्या, नंतर खासी डोंगरांतील खरांग या खेड्यात त्यांनी शाळा आणि दवाखाना चालवला आणि १९७३ साली त्या तेथेच वारल्या. शिंदे यांचे नाव मी तेथे कोणाकडून ऐकले नाही, आणि हाजोम किसोर सिंग यांचे नाव सोलापुरात कोणी घेतलेले ऐकले नाही. दोघांची बॉस्टनशी आणि लंडनशी ओळख असावी, पण एकमेकांच्या मुलखात नसावी, याचे मला वाईट वाटते.

भीमाकाठ

डोंगरवाट, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. एक दुवा जोडतो. हेच संडरलँड १८९५ च्या डिसेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला उपस्थित होते. त्यांनीच या दौऱ्यानंतर ब्राह्म आणि प्रार्थना समाजाच्या तरुणांना ऑक्सफर्डला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी असा आग्रह इंग्लंडमधील मंडळींकडे धरला, आणि त्याच व्यवस्थेतून शिंदे गेले. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच प्रवासातून जोवाईची मैत्री पक्की झाली आणि शिंदे यांची वाट उघडली. दोन्ही नावे एकमेकांच्या मुलखात नाहीत हे खरे. पण ती एकाच दौऱ्याच्या वहीत शेजारी शेजारी आली असतील.

कैफियत

चर्चा चांगली चालली आहे, परंतु तिच्यात एक बाजू सुटते आहे असे मला स्पष्टपणे वाटते. ‘सोयरीक’ हा शब्द गोड आहे. सोयरीक मात्र बरोबरीच्या घरांत होते. शिष्यवृत्ती लंडनची, छापखाना बॉस्टनचा, परिषद ॲम्स्टरडॅमची आणि येणारा विद्यार्थी पराधीन देशाचा. ज्याच्याकडे पैसा त्याच्या घरी पाहुण्यांनी जायचे, हा व्यवहार बरोबरीचा कसा म्हणावा? आजही तेच दिसते. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट समाजांची आंतरराष्ट्रीय परिषद १९९५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली आणि २०२१ साली विसर्जित झाली. अमेरिकेतील मंडळ्या आणि परदेशांतील मंडळ्या यांच्या जोड्या लावणारी दुसरी संस्था १९९३ साली निघाली होती. तीही २०२१ सालीच थांबली. शतकभर जपलेले संबंध इतके पक्के असते तर दोन्ही संस्था एकाच वर्षी का मिटल्या?

शिंदे यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, म्हणूनच हे विचारतो आहे.

भीमाकाठ

कैफियत, आपला आक्षेप मी बाजूला सारणार नाही. पैशाची विषमता होती आणि आहे. संडरलँड यांच्याविषयी मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे : हिंदुस्थानच्या गुलामगिरीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९२९ च्या सुमारास कलकत्त्याला रामानंद चॅटर्जी यांनी छापला आणि इंग्रज सरकारने तो जप्त केला. ज्या माणसाने पाहुणा म्हणून येऊन यजमानांच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, त्याला केवळ धनको म्हणता येत नाही.

परंतु माझे खरे उत्तर ट्रान्सिल्व्हेनियाचे आहे, कारण तेथे हे नाते उलटे सुरू झाले. हा प्रदेश आज रुमानियात आहे आणि तेथील युनिटेरियन हंगेरियन भाषा बोलतात. १५६८ साली तोर्दा येथील सभेत असे ठरले की, प्रत्येक गावाला आपल्या समजुतीप्रमाणे धर्मोपदेशक ठेवता यावा आणि श्रद्धेपायी कोणाला त्रास होऊ नये, कारण श्रद्धा ही देवाची देणगी आहे. तेव्हा गादीवर राजा यानोश झिग्मोंड होता आणि त्याचा धर्मोपदेशक फेरेन्त्स दाविद. युरोपात धर्मापायी माणसे जाळली जात होती त्या काळातील ही गोष्ट आहे. राजा लवकर वारला, वारे फिरले आणि दाविद १५७९ साली देवाच्या किल्ल्यात कैदेत मरण पावला. (देवा हे तेथील गावाचे नाव आहे.) त्याचा समाज मात्र टिकला, आणि पुढची अडीचशे वर्षे इंग्लंडच्या युनिटेरियनांना तो अस्तित्वात आहे याचा जवळजवळ पत्ताच नव्हता. १८२१ साली लंडनच्या मंडळींनी आपली ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका लॅटिनमध्ये छापून युरोपभर पाठवली, कारण कोणता समानधर्मी कोणती भाषा वाचत असेल हे त्यांना ठाऊक नव्हते. ती पुस्तिका ट्रान्सिल्व्हेनियातील कोलोझवार या शहरी पोचली. तेथे वाचणाऱ्यांच्या ध्यानात आले की, इंग्लंडमध्ये आपल्यासारखी माणसे आहेत. आणि लंडनच्या लोकांना कळून चुकले की, आपण ज्याला नवा विचार समजत होतो तो तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे.

त्याच १८२१ साली कलकत्त्यात राममोहन रॉय आणि विल्यम ॲडम यांनी युनिटेरियन समिती स्थापन केली. ॲडम हे बाप्टिस्ट मिशनरी म्हणून आले होते. शुभवर्तमानाच्या बंगाली भाषांतराचे काम राममोहन यांच्याबरोबर करताना त्यांचेच मत पालटले आणि त्यांनी त्रैक्य सोडले. येथे कोणी कोणाला शिकवले, हे मी आपल्याला विचारतो. मद्रासमध्ये तर त्याही आधी, १७९५ साली, विल्यम रॉबर्ट्स हे नाव घेतलेल्या तमिळ गृहस्थाने युनिटेरियन मंडळी सुरू केली होती.

१९२० नंतर ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे गेला तेव्हा अमेरिकेतील मंडळ्यांनी तेथील गावांशी भगिनी-मंडळ्यांची नाती जोडली. पुढे ती तुटली आणि १९८९ नंतर पुन्हा जोडली गेली. संस्था २०२१ साली मिटल्या, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु या समाजांत संस्था नेहमीच उशिरा आल्या आणि लवकर गेल्या. पत्र, माणूस आणि उपासनेत गायचे पद हीच टिकली. याचे एक उदाहरण देऊन थांबतो. प्राग येथील नॉर्बर्ट चापेक यांनी १९२३ च्या जूनमध्ये एक विधी सुरू केला : उपासनेला येताना प्रत्येकाने एक फूल आणायचे, सर्व फुले एकत्र ठेवायची आणि जाताना दुसऱ्या कोणाचे तरी फूल घेऊन जायचे. चापेक नाझींच्या हातून १९४२ साली मारले गेले. त्यांच्या पत्नी माया त्याआधी अमेरिकेत पोचल्या होत्या, आणि त्यांनी तो विधी तेथे नेला. आज जगभरच्या युनिटेरियन मंडळ्यांत तो होतो. प्रागसारख्या छोट्या मंडळीने अमेरिकेला दिलेली ही देणगी आहे, आणि तिला पैसा लागला नाही.

हातमाग

माझे आजोबा आणि पणजोबा दोघेही गिरणी कामगार होते, त्यामुळे मी एकच भर घालतो. जपानमध्ये अमेरिकन युनिटेरियनांचा प्रतिनिधी आर्थर नॅप १८८७ साली गेला होता. पुढे तोक्योच्या मिता भागातील त्यांच्या सभागृहात १ ऑगस्ट १९१२ रोजी सुझुकी बुंजी यांच्यासह पंधरा जणांनी ‘युआइकाई’ म्हणजे ‘बंधुप्रेम मंडळ’ स्थापन केले. त्यातूनच जपानमधील मोठी कामगार संघटना वाढली. सुझुकी त्या वेळी युनिटेरियन मंडळींकडेच नोकरीला होते. युनिटेरियन म्हणून जपानमध्ये फार लोक झाले नाहीत. पण त्यांच्या खोलीत कामगारांना बसायला जागा मिळाली. कैफियत यांनी विचारलेल्या हिशेबात ही जमाही धरावी.

शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत अस्पृश्य मानलेल्यांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तीही प्रार्थना समाजाच्या न्यायमूर्ती चंदावरकरांना अध्यक्ष करून. विलायतेत युनिटेरियनांचे गरीब वस्त्यांमधील काम त्यांनी पाहिले नसते तरी ते या कामाकडे वळले असते असे मला वाटते, कारण ती कळकळ जमखंडीची होती. परंतु रोजचे काम कसे बांधावे, वर्गणी कशी गोळा करावी, अहवाल कसा लिहावा, ही शिस्त त्यांना तेथे दिसली.

चंद्रभागा (पंढरपूर)

सर्वांना नमस्कार. भीमाकाठ यांनी तपासून मागितलेली समजूत दुरुस्त करते. पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम १८७५ साली सुरू झाला, आणि तेव्हा शिंदे दोन वर्षांचे होते. तेथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी त्याला आरंभ केला आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवला. वारीच्या गावात टाकून दिलेली मुले आणि फसवल्या गेलेल्या विधवा यांच्यासाठी तो निघाला. पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यामुळे हे विलायतेचे फळ नव्हे. प्रार्थना समाज १८६७ सालचा आहे आणि त्याच्या उपासनेत तुकोबांचे अभंग पहिल्यापासून आहेत. माझे म्हणणे असे आहे की, शिंदे ऑक्सफर्डला रिकाम्या हाताने गेले नाहीत. त्यांचे वडील पंढरीचे वारकरी होते. एक देव, जातीपातीच्या वर असलेले नाम आणि मध्यस्थावाचून भक्ती, हे सगळे घरून घेऊन ते गेले होते. भीमाकाठ यांनी मांडलेला ‘स्वतंत्रपणे पोचलेल्या घरांचा’ विचार त्यामुळे अधिक बळकट होतो, कमकुवत होत नाही.

भीमाकाठ

चंद्रभागाताई, चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. १८७५ हे साल मी आता वहीत नोंदवून ठेवले आहे. आणि ती समजूत चुकली याचा आनंदच वाटतो, कारण आपण म्हणता तसे त्यातून शिंदे यांची बाजू देणाऱ्याची ठरते.

हातमाग यांनी शिस्तीचा उल्लेख केला, त्यावरून दोन गोष्टी. परत आल्यावर शिंदे यांनी मुंबईत ‘पोस्टल मिशन’ सुरू केले. ही रीत इंग्लंडच्या युनिटेरियनांची होती : ज्याला जिज्ञासा आहे त्याने पत्र पाठवावे, त्याला टपालाने छोट्या पुस्तिका मिळाव्यात आणि शंका असल्यास त्याने पुन्हा लिहावे. कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. १९१२ साली शिंदे यांनी ‘थीइस्टिक डिरेक्टरी’ हा इंग्रजी ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. उदार धर्माच्या विचाराचा आणि कार्याचा, हिंदुस्थानातील तसाच जगभरचा आढावा त्यात आहे. कैफियत, आपण बरोबरीविषयी विचारले होते. लंडनने १८२१ साली लॅटिन पुस्तिका पाठवून आपल्यासारखे लोक जगात कोठे आहेत हे शोधले. नव्वद वर्षांनी तेच काम एका मराठी माणसाने हाती घेतले.

कैफियत

डिरेक्टरीची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि ती महत्त्वाची आहे हे मान्य करतो. विषमतेविषयीचे माझे म्हणणे मागे घेत नाही, परंतु ‘पराधीन देशाचा विद्यार्थी’ एवढेच शिंदे यांचे वर्णन मी केले ते अपुरे होते. त्याच मँचेस्टर कॉलेजात पुढे १९२६ साली राधाकृष्णन यांनी आणि १९३० साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी व्याख्याने दिली, हे मला आठवले. विद्यार्थी म्हणून शिंदे गेले त्या दारातून तीस वर्षांच्या आत हिंदुस्थानातून व्याख्याते गेले.

सातरस्ता

भीमाकाठ, आपल्या वडिलांच्या प्रतीतील विलायतेची पाने, समासातील रेघांसह, आम्हाला पाहायला मिळतील का? आणि कोणी पंढरपूरचा आश्रम पाहायला जाणार असेल तर मलाही यायचे आहे. आजींच्या शाळेचा माझ्याकडे एक जुना छायाचित्रसंच आहे, तोही घेऊन येईन.

भीमाकाठ

पानांची छायाचित्रे आज संध्याकाळी काढतो. कागद फार ठिसूळ झाल्यामुळे प्रत सपाट दाबता येत नाही, त्यामुळे काही ओळी वाकड्या दिसतील. पंढरपूरला जाण्याविषयी चंद्रभागाताईंनी आश्रमात आधी विचारून ठेवावे, कारण तेथे मुले राहतात आणि आपण एकदम दहा जणांनी जाणे योग्य नाही. चौघे जाऊ शकतील असे त्यांनी कळवले तर पुढच्या रविवारी सकाळी सातच्या एसटीने निघू. डोंगरवाट यांना जमत असेल तर त्यांनी खासी पदांपैकी एखादे पद, अर्थासह, लिहून आणावे.

डोंगरवाट

आणतो. त्या बाईंनी बोट ठेवलेल्या ओळी मी त्याच रात्री मुक्कामी येऊन उतरवून घेतल्या होत्या आणि शाखेतील एका खासी सहकाऱ्याकडून अर्थ लिहून घेतला होता. कागद सापडला आहे. चालीची खात्री नाही, पण शब्द बरोबर आहेत.